पराभवाचे मोल : ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील 'टँकिंग' आणि लीगविस्ताराचा वाद – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मैदानात उतरलेले दोन्ही पक्ष जिंकण्यासाठीच खेळत आहेत, या एका साध्या गृहीतकावर कोणत्याही खेळाचा पाया उभा असतो. हे गृहीतक इतके स्वाभाविक मानले जाते की, खेळाच्या नियमावलीत ते वेगळे नोंदवण्याची गरज सहसा भासत नाही. परंतु पराभव हाच लाभदायक ठरेल अशी रचना एखाद्या स्पर्धेच्या नियमांनीच निर्माण केली, तर या गृहीतकाचे काय होते? ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या १९८० नंतरच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उपस्थित झाला. भविष्यातील लाभासाठी संघाने जिंकण्याचा प्रयत्न जाणीवपूर्वक सैल सोडणे याला तेथे 'टँकिंग' असे म्हटले जाते.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा खेळ भारतीय वाचकास फारसा परिचित नसला तरी त्याचे क्रिकेटशी जवळचे नाते आहे. क्रिकेटपटू टॉम विल्स यांनी जुलै १८५८ मध्ये मेलबर्नच्या एका वृत्तपत्रात पत्र लिहून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुदृढ राहावे यासाठी फुटबॉल क्लब स्थापन करण्याची सूचना केली. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने खेळाचे पहिले लिखित नियम तयार केले. लंबवर्तुळाकार मैदानावर प्रत्येकी १८ खेळाडूंचे दोन संघ हा खेळ खेळतात. गोलास ६ गुण आणि गोलखांबाच्या बाजूने चेंडू गेल्यास १ गुण मिळतो. गुणतक्त्यात प्रत्येक विजयास ४ व बरोबरीस २ गुण दिले जातात. पुढील विवेचनात हे ४ गुण महत्त्वाचे ठरणार आहेत.

टँकिंगचा वाद आणि लीगच्या विस्ताराचा वाद हे सामान्यतः दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून चर्चिले जातात. वस्तुतः हे दोन्ही वाद एकाच धोरणाच्या पोटी जन्मले आणि एकमेकांना बळ देत वाढले, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१) व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे राष्ट्रीय लीगमध्ये रूपांतर होण्याची प्रक्रिया समजून घेणे.
२) ड्राफ्ट व प्राधान्य निवड या समानीकरणाच्या साधनांमधून टँकिंगची प्रवृत्ती कशी निर्माण झाली याचा शोध घेणे.
३) लीगविस्तार आणि टँकिंग यांतील परस्परसंबंध स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा कालखंड प्रामुख्याने १९८२ ते २०२५ असा असून पार्श्वभूमीपुरता त्याआधीचा इतिहास विचारात घेतला आहे.

उपनगरांची लीग

१८९६ मध्ये आठ क्लब व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची स्थापना केली. पहिली स्पर्धा १८९७ मध्ये झाली. कार्लटन, कॉलिंगवूड, एसेंडन, फिट्झरॉय, मेलबर्न, सेंट किल्डा आणि साउथ मेलबर्न हे सात क्लब मेलबर्न महानगरातील, तर जिलाँग हा जवळच्या बंदराच्या शहरातील होता. १९२५ मध्ये फुट्सक्रे, हॉथॉर्न व नॉर्थ मेलबर्न यांना प्रवेश मिळाल्यावर क्लबांची संख्या बारा झाली आणि पुढे सहा दशके ती बाराच राहिली.

या लीगची ओळख उपनगरांशी बांधलेली होती. क्लब म्हणजे वस्ती, आणि वस्ती म्हणजे घरातून चालत आलेली निष्ठा. खेळाडू मिळवण्याची पद्धतही भूगोलावरच आधारलेली होती. विशिष्ट प्रभागात राहणारा खेळाडू त्या प्रभागाच्या क्लबकडेच जाई. १९६८ पासून व्हिक्टोरियाचा ग्रामीण भागही अशाच रीतीने क्लबांमध्ये वाटून देण्यात आला. ज्या क्लबच्या वाट्याला खेळाडूंनी समृद्ध प्रदेश आला तो बलवान झाला, इतरांना मात्र मिळेल त्यावर भागवावे लागले. विषमता होती, परंतु ती नशिबाची मानली जात होती. हरल्याबद्दल कोणास काही मिळत नव्हते.

१९८० च्या दशकाच्या प्रारंभी ही व्यवस्था आर्थिकदृष्ट्या डळमळू लागली. खेळाडूंचे मानधन वाढत गेले, त्या प्रमाणात उत्पन्न वाढले नाही. एकाच महानगरात इतके व्यावसायिक क्लब पोसले जाणे अवघड झाले आणि अनेक क्लब कर्जात बुडाले. यातून मार्ग काढताना लीगने महानगराबाहेर पाहण्यास सुरुवात केली.

एका स्थलांतराचे दूरगामी परिणाम

१९८२ मध्ये साउथ मेलबर्न या कर्जबाजारी क्लबचे सिडनीला स्थलांतर झाले. लीगच्या राष्ट्रीय विस्तारातील हे पहिले पाऊल होय. सिडनी हे रग्बीचे शहर. तेथे ऑस्ट्रेलियन फुटबॉलला मूळ धरण्यास बराच काळ लागला. परंतु या स्थलांतराचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम मैदानावर नव्हे, तर न्यायालयात घडून आला.

साउथ मेलबर्नचा तरुण खेळाडू सिल्व्हिओ फोस्किनी याने सिडनीला जाण्यास नकार दिला आणि सेंट किल्डा क्लबकडून खेळण्याची इच्छा व्यक्त केली. लीगच्या नियमांनुसार मूळ क्लबच्या संमतीविना त्याला तसे करता येत नव्हते. प्रकरण व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ मध्ये न्यायमूर्ती क्रॉकेट यांनी लीगचे प्रभागविषयक व हस्तांतरविषयक नियम हे खेळाडूच्या व्यवसाय-स्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध असल्याचा निर्णय दिला.

या निर्णयाने जुन्या व्यवस्थेचा कायदेशीर आधार काढून घेतला. खेळाडूंचे वाटप भूगोलावर करता येत नसेल आणि ते पूर्णपणे बाजारावर सोडले तर श्रीमंत क्लब सर्व खेळाडू घेऊन जातील, असा पेच लीगपुढे उभा राहिला. त्यावरील उत्तर अमेरिकेतून घेण्यात आले. १९८६ च्या अखेरीस पहिला राष्ट्रीय ड्राफ्ट झाला आणि १९८७ च्या मोसमात वेतनमर्यादा लागू झाली. ड्राफ्टचे तत्त्व असे की, नवोदित खेळाडूंची निवड करताना गुणतक्त्यातील तळाच्या संघाला पहिली संधी आणि विजेत्याला शेवटची. भारतीय वाचकास परिचित असलेल्या आयपीएलमध्ये खेळाडू लिलावातून मिळतात, म्हणजे तेथे पैसा निर्णायक ठरतो. ड्राफ्टमध्ये मात्र मागील मोसमातील अपयश हेच चलन ठरते.

१९८७ मध्येच पर्थचा वेस्ट कोस्ट आणि क्वीन्सलँडचा ब्रिस्बेन बेअर्स हे दोन नवे क्लब लीगमध्ये आले. त्यांनी भरलेले प्रत्येकी ४० लाख डॉलर परवानाशुल्क व्हिक्टोरियातील अडचणीत आलेल्या क्लबांना जीवदान देणारे ठरले. विस्तार, ड्राफ्ट आणि वेतनमर्यादा हे तीन निर्णय केवळ योगायोगाने एकाच वेळी झालेले नाहीत. स्थलांतरातून खटला उद्भवला, खटल्यातून ड्राफ्ट आला आणि नव्या क्लबांना उभे राहण्यासाठी त्याच ड्राफ्टचा आधार लागला. 'समानीकरण' हे या धोरणाचे अधिकृत नाव होते.

विस्ताराची किंमत कोणी मोजली

१९९० मध्ये लीगने 'ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग' (एएफएल) हे नाव धारण केले. त्याच वर्षी पोर्ट ॲडलेड क्लबने स्वतंत्रपणे लीगमध्ये शिरण्याचा प्रयत्न केला. दक्षिण ऑस्ट्रेलियातील प्रांतिक लीगने घाईने ॲडलेड हा संयुक्त संघ उभा केला आणि १९९१ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. १९९५ मध्ये फ्रीमँटल व १९९७ मध्ये पोर्ट ॲडलेड लीगमध्ये दाखल झाले. १९९२ मध्ये वेस्ट कोस्टने विजेतेपद व्हिक्टोरियाबाहेर नेले. ही घटना प्रथमच घडत होती.

या विस्ताराची दुसरी बाजू मेलबर्नच्या उपनगरांनी अनुभवली. १९८९ मध्ये फुट्सक्रे व फिट्झरॉय यांच्या विलीनीकरणाची घोषणा झाली तेव्हा फुट्सक्रेच्या पाठीराख्यांनी वर्गणी गोळा करून आपला क्लब वाचवला. १९९६ मध्ये मेलबर्न व हॉथॉर्न यांच्या विलीनीकरणावर सभासदांचे मतदान झाले. मेलबर्नच्या सभासदांनी अल्प बहुमताने होकार दिला, हॉथॉर्नच्या सभासदांनी ठाम नकार दिला आणि योजना बारगळली.

फिट्झरॉयला मात्र असा दिलासा मिळाला नाही. लीगच्या संस्थापकांपैकी एक आणि आठ विजेतेपदे मिळवणाऱ्या या क्लबवर १९९६ मध्ये प्रशासक नेमला गेला. फिट्झरॉयचा शेवटचा सामना १ सप्टेंबर १९९६ रोजी पर्थ येथे झाला. प्रतिस्पर्धी होता अवघ्या दुसऱ्या मोसमात खेळणारा फ्रीमँटल. त्यानंतर क्लबचे ब्रिस्बेन बेअर्सशी विलीनीकरण होऊन 'ब्रिस्बेन लायन्स' हा संघ अस्तित्वात आला. याच संघाने पुढे २००१, २००२ व २००३ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली. फिट्झरॉयच्या काही पाठीराख्यांनी ती आपली मानली. काहींनी मात्र फुटबॉलकडे कायमची पाठ फिरवली.

येथे एक बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे. दुर्बल क्लबला दोन मार्ग उपलब्ध होते : नाहीसे होणे अथवा ड्राफ्टमधून पुन्हा उभे राहणे. फिट्झरॉयचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना तळाच्या क्लबच्या दृष्टीने ड्राफ्टमधील वरचा क्रम हा केवळ खेळातील लाभ नव्हता, तो जगण्याचा प्रश्न होता.

प्राधान्य निवड : सवलतीचे सापळ्यात रूपांतर

सर्वसाधारण ड्राफ्ट अपुरा वाटल्याने १९९३ मध्ये 'प्राधान्य निवड' सुरू करण्यात आली. अत्यंत दुर्बल संघास नेहमीच्या क्रमाखेरीज एक जादा निवड देणे हा तिचा हेतू होता. पुढे तिचा निकष असा ठरला की, २२ सामन्यांच्या मोसमात पाच अथवा त्याहून कमी विजय मिळवणाऱ्या संघास पहिल्या फेरीच्याही आधी एक निवड मिळेल. २००४ च्या ड्राफ्टमध्ये रिचमंड, हॉथॉर्न व वेस्टर्न बुलडॉग्ज (पूर्वीचा फुट्सक्रे) या तीन क्लबांना ही सवलत लाभली आणि पहिल्या सहाही निवडी या तिघांमध्येच वाटल्या गेल्या. हॉथॉर्नने त्यातून जॅरीड रफहेड व लान्स फ्रँकलिन यांना मिळवले. २००८ च्या हॉथॉर्नच्या विजेतेपदात या दोघांचा मोलाचा वाटा होता. इतर क्लबांनी यातून योग्य तो बोध घेतला.

टीका वाढल्यावर २००६ पासून निकष कठोर करण्यात आला. मर्यादा चार विजयांवर आणली गेली. एका मोसमातील अपयशासाठी पहिल्या फेरीच्या शेवटी निवड मिळे. सलग दोन मोसम अपयश आल्यासच ती पहिल्या फेरीच्या आधी मिळे. सुधारणेचा हेतू प्रामाणिक होता. परंतु तिच्यामुळे सीमारेषा अधिकच ठळक झाली. चौथा व पाचवा विजय यांमधील अंतर आता एका असामान्य खेळाडूइतके मोठे झाले.

याचा प्रत्यय २००७ च्या अखेरच्या फेरीत आला. कार्लटन व मेलबर्न हे दोन्ही संघ प्रत्येकी चार विजय घेऊन समोरासमोर आले. जो जिंकेल तो प्राधान्य निवडीस मुकणार होता. कार्लटनचे २००६ मध्ये केवळ तीन विजय असल्याने त्याच्यासाठी पणाला लागलेली निवड पहिल्या क्रमांकाची होती. मोसमातील अखेरचे अकरा सामने हरलेल्या कार्लटनने हाही सामना गमावला. त्यानंतर पहिल्या निवडीतून मॅथ्यू क्रूझर हा उंच तरुण खेळाडू कार्लटनने घेतला आणि आपली पुढची निवड वेस्ट कोस्टबरोबरच्या व्यवहारात वापरून ख्रिस जड या श्रेष्ठ खेळाडूस मिळवले. प्रेक्षक या सामन्याला उपहासाने 'क्रूझर चषक' म्हणू लागले. एएफएलचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँड्र्यू डिमेट्रिऊ यांनी टँकिंग अस्तित्वात असल्याचे वारंवार नाकारले.

२००९ चा मोसम आणि मेलबर्न क्लब

मेलबर्न हा या खेळातील सर्वांत जुना क्लब. त्याचे अखेरचे विजेतेपद १९६४ चे होते. २००८ मध्ये तीन विजयांसह तो तळाला होता. २००९ मध्ये चारपेक्षा अधिक विजय न मिळाल्यास त्याला पहिल्या दोन्ही निवडी मिळणार होत्या.

या टप्प्यावर विस्ताराचा प्रश्न पुन्हा उभा राहिला होता. डिसेंबर २००७ मध्ये नॉर्थ मेलबर्न क्लबने गोल्ड कोस्टला स्थलांतर करण्याचा लीगचा प्रस्ताव नाकारला. तेव्हा लीगने जुना क्लब हलवण्याऐवजी नवा क्लब निर्माण करण्याचे ठरवले. गोल्ड कोस्ट २०११ मध्ये आणि ग्रेटर वेस्टर्न सिडनी २०१२ मध्ये लीगमध्ये येणार होते. या क्लबांना शून्यातून संघ उभारायचा असल्याने त्यांना ड्राफ्टमध्ये विपुल सवलती देण्यात आल्या. २०१० च्या ड्राफ्टमध्ये गोल्ड कोस्टला पहिल्या पंधरापैकी नऊ निवडी मिळाल्या : पहिली, दुसरी, तिसरी आणि त्यानंतर पंधरापर्यंतच्या सर्व विषम क्रमांकांच्या. २०११ मध्ये ग्रेटर वेस्टर्न सिडनीला नेमका हाच वाटा मिळाला. अर्थात, जुन्या दुर्बल क्लबांसाठी २००९ चा ड्राफ्ट ही अग्रक्रमाने खेळाडू निवडण्याची पुढील काही वर्षांतील अखेरची संधी होती. टँकिंगच्या चर्चेत या बाबीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. विस्ताराच्या वेळापत्रकाने पराभवाचा भाव वाढवला होता.

मेलबर्नने २००९ चा मोसम चार विजयांवर संपवला. त्यातील रिचमंडविरुद्धचा अठराव्या फेरीचा सामना विशेष गाजला. मेलबर्नचे अनेक खेळाडू त्या दिवशी त्यांच्या नेहमीच्या जागांऐवजी अनोळखी जागांवर खेळवले गेले. तरीही मैदानावरील तरुणांनी आघाडी घेतली. सामना संपल्याचा भोंगा वाजल्यानंतर रिचमंडच्या जॉर्डन मॅकमहनने घेतलेल्या किकवर गोल झाला आणि मेलबर्न चार गुणांनी हरला.

या सामन्यातून टँकिंगचे खरे स्वरूप उघड होते. मैदानातील खेळाडू हरण्यासाठी खेळत नव्हते. तसे असते तर निकाल शेवटच्या किकपर्यंत लांबला नसता. ज्या तरुणाचे पुढील वर्षाचे स्थान त्याच्या आजच्या खेळावर अवलंबून आहे, तो मुद्दाम वाईट खेळेल हे संभवत नाही. टँकिंग घडते ते संघनिवडीच्या टेबलावर. अनुभवी खेळाडूला विश्रांती, किरकोळ दुखापतीवर लांबणारी शस्त्रक्रिया, तरुणांना 'संधी', जागांची अदलाबदल. यातील प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे पाहिला तर समर्थनीय ठरतो. पुनर्बांधणी करणारा प्रामाणिक प्रशिक्षकही हेच करेल. हा उघड रडीचा डाव नसतो. म्हणूनच त्याचा पुरावा सापडणे जवळजवळ अशक्य असते.

जुलै २०११ च्या अखेरीस जिलाँगकडून १८६ गुणांनी झालेल्या दारुण पराभवानंतर प्रशिक्षक डीन बेली यांना पदमुक्त करण्यात आले. निरोपाच्या वेळी त्यांनी खेळाडूंना वेगळ्या जागांवर खेळवल्याचे आणि क्लबच्या हिताचे तेच केल्याचे सूचित केले. २०१२ मध्ये मेलबर्नचा माजी खेळाडू ब्रॉक मॅक्लीन याच्या दूरचित्रवाणीवरील वक्तव्यानंतर एएफएलने चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचा निकाल जाहीर झाला. क्लबने अथवा प्रशिक्षकाने कोणताही सामना हेतुपुरस्सर हरण्याचा प्रयत्न केल्याचे सिद्ध झाले नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. तरीही स्पर्धेच्या हितास बाधक वर्तनाबद्दल क्लबला ५ लाख डॉलर दंड झाला, बेली यांना सोळा आठवड्यांसाठी निलंबित करण्यात आले आणि फुटबॉल विभागाचे तत्कालीन प्रमुख ख्रिस कॉनोली यांच्यावर जवळपास वर्षभराची बंदी घालण्यात आली.

हा निकाल तर्काच्या कसोटीवर तपासला असता त्यातील विसंगती लपत नाही. हेतुपुरस्सर पराभव घडला नसेल तर एवढी शिक्षा कशासाठी, आणि घडला असेल तर निर्दोषत्वाचा निर्वाळा कसा? शिक्षा दोन व्यक्तींना व एका क्लबला झाली. त्यांना पराभवाकडे ओढणारा नियम करणारी संस्था न्यायाधीशाच्या आसनावर बसलेली होती. बेली यांचे मार्च २०१४ मध्ये कर्करोगाने निधन झाले. स्वतः न केलेल्या नियमाच्या ओझ्याखाली काम करणाऱ्या प्रशिक्षकाची ही शोकांतिका या वादाचे मानवी मोल दाखवून देते.

पराभवाच्या फळाचे काय झाले

२००९ च्या ड्राफ्टमधून मेलबर्नला पहिल्या दोन निवडींत टॉम स्कली व जॅक ट्रेंगोव्ह हे खेळाडू मिळाले. २०११ च्या अखेरीस स्कली मेलबर्न सोडून ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला. नव्या क्लबांना इतर क्लबांतील करार संपलेले खेळाडू घेण्याची विशेष मुभा होती. मेलबर्नला भरपाई म्हणून पुढील ड्राफ्टमधील दोन निवडी मिळाल्या. समानीकरणाच्या एका हाताने दिलेले फळ दुसऱ्या हाताने असे विस्ताराच्या ताटात वाढले. ट्रेंगोव्ह २०१२ मध्ये अगदी कोवळ्या वयात मेलबर्नचा सहकर्णधार झाला, परंतु पायाच्या दुखापतीने त्याची कारकीर्द खुंटली. २०१३ च्या मोसमात मेलबर्नला केवळ दोन विजय मिळाले.

कार्लटनचे उदाहरण याहून बोलके आहे. २००५, २००६ व २००७ अशा सलग तीन ड्राफ्टमध्ये या क्लबला पहिली निवड मिळाली. तरीही २०२५ अखेरपर्यंत त्याचे अखेरचे विजेतेपद १९९५ चेच राहिले. याउलट २००७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला ट्रेंट कॉचिन हा रिचमंडचा कर्णधार म्हणून २०१७, २०१९ व २०२० या तीन विजेतेपदांचा मानकरी ठरला. पहिल्या निवडीने खेळाडू मिळतो, संघ मिळतोच असे नाही. ज्या क्लबमध्ये पराभव ही सवय बनते, तेथे उत्तम खेळाडूही त्या सवयीत रुळतो.

नव्या क्लबांची वाटचालही सोपी नव्हती. ग्रेटर वेस्टर्न सिडनीने २०१२ मध्ये दोन व २०१३ मध्ये एकच सामना जिंकला. हा क्लब २०१९ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, परंतु रिचमंडकडून ८९ गुणांनी हरला. गोल्ड कोस्टला पहिल्यांदा बाद फेरी गाठण्यास २०२५ उजाडावे लागले. २०१९ मध्ये तर त्याला पुन्हा पहिल्या क्रमांकाची प्राधान्य निवड द्यावी लागली. आर्थिक अंगाने पाहता मात्र विस्ताराचा तर्क खरा ठरला. अठरा क्लबांमुळे दर आठवड्यास आठऐवजी नऊ सामने प्रक्षेपणासाठी उपलब्ध झाले आणि २०१२ ते २०१६ या काळासाठी प्रक्षेपण हक्कांचा सुमारे १२५ कोटी डॉलरचा करार झाला. जुन्या व दुर्बल क्लबांना मिळणारे अर्थसाहाय्यही याच उत्पन्नातून येत असल्याने विस्ताराचा सरसकट धिक्कार करणे अन्यायाचे होईल.

निकषाकडून विवेकाधिकाराकडे

फेब्रुवारी २०१२ मध्ये एएफएलने प्राधान्य निवडीचा ठरावीक निकष रद्द केला. आता अशी निवड द्यावी की नाही हे आयोग प्रत्येक प्रकरणी स्वतंत्रपणे ठरवतो. यामुळे 'पाचवा विजय टाळा' हा हिशेब संपला. २०१३ मध्ये मेलबर्नने केलेली विनंती फेटाळण्यात आली. २०१६ मध्ये ब्रिस्बेनची मान्य झाली. नॉर्थ मेलबर्नलाही पुढे साहाय्य मिळाले. स्पष्ट नियमाचा गैरफायदा घेता येतो हे खरे. परंतु त्याच्या जागी आलेला विवेकाधिकार पारदर्शक राहीलच याची हमी कोण देणार? एक आक्षेप मिटवताना दुसरा निर्माण झाला. अमेरिकेतील बास्केटबॉल लीगने १९८५ पासून तळाच्या संघांमध्ये चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवण्याची पद्धत अवलंबली आहे. एएफएलने २०२५ अखेरपर्यंत ती स्वीकारली नव्हती.

या पार्श्वभूमीवर २०२३ च्या अखेरच्या फेरीतील घटना लक्षणीय आहे. नॉर्थ मेलबर्न दोन विजयांसह तळाला होता आणि पहिल्या निवडीसाठी हार्ली रीड या गुणवान तरुणाचे नाव सर्वतोमुखी होते. हरणे पुरेसे होते. परंतु नॉर्थ मेलबर्नने गोल्ड कोस्टचा पराभव केला, तळाचे स्थान वेस्ट कोस्टकडे गेले आणि त्याबरोबर रीडही. वीस सामने लागोपाठ हरल्यानंतर मिळालेल्या त्या विजयाचा जल्लोष पाहता, जिंकण्याची इच्छा हिशेबापेक्षा बलवत्तर ठरू शकते हे दिसून आले.

तो सामना टास्मानियाची राजधानी होबार्ट येथे झाला होता, हेही सूचक आहे. खेळाची दीर्घ परंपरा असलेल्या आणि डॅरेल बाल्डॉक, पीटर हडसन, रॉइस हार्ट यांसारखे खेळाडू देणाऱ्या या बेटाला अनेक दशके स्वतःचा क्लब नाकारला गेला. मेलबर्नचे क्लब तेथे जाऊन काही सामने खेळत, इतकेच. मे २०२३ मध्ये टास्मानियाला एकोणिसावा परवाना मिळाला. २०२४ मध्ये 'डेव्हिल्स' हे नाव जाहीर होताच दोन लाखांहून अधिक लोकांनी दहा डॉलर भरून सभासदत्व घेतले. मात्र होबार्टमध्ये छत असलेले नवे स्टेडियम उभारण्याची अट लीगने घातली. त्यावरून प्रांताच्या राजकारणात वादळ उठले आणि जून २०२५ मधील अविश्वास ठरावामागील कारणांत हा प्रश्नही होता. जेथे खेळ नव्हता तेथे लीगने स्वतःचा पैसा ओतला आणि जेथे खेळ होता तेथे जनतेकडून स्टेडियम मागितले, हा टास्मानियातील टीकाकारांचा आक्षेप सहज डावलता येणारा नाही.

निष्कर्ष

१) लीगचा विस्तार व ड्राफ्ट यांचा उगम एकाच घटनाक्रमात आहे. साउथ मेलबर्नचे स्थलांतर आणि त्यातून उद्भवलेला फोस्किनी खटला हा त्यांतील दुवा होय.
२) टँकिंग हा मूलतः व्यक्तींच्या नैतिक अधःपतनाचा प्रश्न नसून नियमांच्या रचनेचा परिणाम आहे. ठळक सीमारेषा व मोठे बक्षीस एकत्र आले की हिशेब अटळ होतो.
३) नव्या क्लबांना दिलेल्या सवलतींमुळे २००९ मधील पराभवाचे मोल वाढले. अशा रीतीने विस्ताराने टँकिंगला अप्रत्यक्ष चालना दिली.
४) पराभवातून मिळालेल्या निवडींनी क्लबांची स्थिती सुधारतेच असे इतिहास दाखवत नाही. मेलबर्नने ५७ वर्षांनंतर २०२१ मध्ये विजेतेपद मिळवले, तेव्हा २००९ च्या त्या दोन निवडींपैकी एकही खेळाडू संघात नव्हता.
५) दंड व्यक्तींना आणि नियमकर्ता निर्दोष, या स्वरूपाचा न्याय संस्थेवरील विश्वास वाढवत नाही.

समारोप

दुर्बलास हात देणे हे समानीकरणाचे तत्त्व उदात्त आहे. फिट्झरॉयसारखा क्लब नाहीसा होताना पाहिलेल्या समाजाला त्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. परंतु साहाय्याचा निकष दुर्बलता हाच ठरला की, काही काळ दुर्बल राहणे हेच शहाणपणाचे वाटू लागते. तिकीट काढून, मुलाचा हात धरून मैदानावर आलेल्या पाठीराख्याला हा हिशेब ठाऊक असतो आणि तरीही तो आपला संघ जिंकावा म्हणून ओरडत असतो. २००९ च्या त्या सामन्यात अखेरचा गोल झाल्यावर मेलबर्नच्या अनेक पाठीराख्यांना दुःख करावे की समाधान मानावे हे उमगेना. पाठीराख्यावर अशी वेळ आणणाऱ्या नियमाचा फेरविचार करणे हे नियमकर्त्यांचे पहिले कर्तव्य ठरते. एकोणिसाव्या क्लबच्या आगमनाबरोबर ड्राफ्टमधील सवलतींचे वाटप पुन्हा व्हायचे असल्याने हा इतिहास लीगला मार्गदर्शक ठरावा.